वसाहतीतल्या दिवाणखान्यातला चौकोनी पियानो: तो वाजता कसा राहायचा?

तारखुंटी

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिटिश वसाहतींमधल्या सधन घरांच्या संगीताबद्दल वाचायला गेलं की मेणबत्त्या, झुळझुळीत झगे आणि पियानोशी बसलेली थोरली मुलगी एवढंच हाती लागतं. पियानो सुरात कोण लावायचं, तार तुटली तर दुसरी कुठून यायची, वाजवायला कागद कुठले, हे कोणी सांगत नाही. त्यासाठी हा धागा.

सुरुवात नेहमीच्या उदाहरणाने. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांना घेऊन आलेल्या पहिल्या ताफ्यात 'सिरियस' जहाजाचा शल्यवैद्य जॉर्ज वर्गन याने स्वतःचा पियानो आणला होता. त्याचे वडील जॉन वर्गन लंडनचे नावाजलेले ऑर्गनवादक. १७९१ मध्ये परत जाताना त्याने तो पियानो एलिझाबेथ मकार्थरला दिला. नवरा लष्करी अधिकारी, पुढे मेंढ्यांच्या जोरावर वसाहतीतलं सर्वांत वजनदार घराणं. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात ती सांगते की 'गॉड सेव्ह द किंग' आणि फूटचा मिन्युएट (नाचाची एक धून) येऊ लागला आहे. हाच तो म्हणून एक जुनी पेटी अलीकडे इंग्लंडला दुरुस्तीला गेली, पण ती खरोखर तीच का, यावर जाणकारांत एकमत नाही.

जहाजावर असली वस्तू मावते कशी, तर त्या काळातला 'स्क्वेअर' पियानो नावालाच चौकोनी. खरं तर ती लांबट पेटी असते. सुमारे दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, खाली सुटं स्टँड. दोन माणसं उचलतात. लंडनमध्ये योहानेस झुम्पेने १७६६ पासून ही पेटी बनवायला घेतली आणि ती इतकी खपली की दुसऱ्या कारागिरांना पुरवठ्यासाठी हात लावावा लागला. पाच सप्तकांच्या पेटीत ६१ पट्ट्या, प्रत्येक पट्टीला दोन तारा, म्हणजे १२२ तारा. आतमध्ये लोखंडाची चौकट नाही. सगळा ताण लाकडी पेटीवर. पुढची सगळी दुखणी इथून सुरू होतात.

मंद्रसप्तक

धागा आवडला. पेटीच्या आतलं थोडं सांगते, कारण बिघाड कळायला ते लागतं.

झुम्पेची यंत्रणा अगदी साधी. पट्टीच्या मागच्या भागात एक उभी तार, तिच्या डोक्यावर चामड्याची टोपी. पट्टी दाबली की टोपी हातोडीला खालून ढकलते, हातोडी उडते, तारेला लागते आणि खाली पडते. हातोडी वेळेवर सोडून देणारी खटकी यात नाही. त्यामुळे टोपी जरा जास्त उंच बसली असेल तर पट्टी दाबून ठेवल्यावर हातोडी तारेलाच चिकटून राहते आणि सूर 'ठक्' होऊन मरतो. टोपी फार खाली बसली तर हळू वाजवताना हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. योग्य जागा म्हणजे पट्टी अगदी सावकाश दाबली असता हातोडी तारेच्या थोडी खाली थांबावी. चामडं दमटपणात फुगतं आणि वापराने दबतं, म्हणून हे अंतर ऋतूप्रमाणे हलतं. जॉन गाइबने १७८६ मध्ये खटकीवाल्या यंत्रणेचं पेटंट घेतलं, तेव्हा हा त्रास कमी झाला. भाग मात्र वाढले, म्हणजे लांबच्या वसाहतीत बिघडायच्या जागाही वाढल्या.

हातोडीवर लोकरीचा नमदा नव्हता, चामडं होतं. नमद्याची हातोडी पाप नावाच्या पॅरिसच्या पियानो-कारागिराने १८२६ मध्ये आणली. चामडं दहा-वीस वर्षांत वाळून टणक होतं, मग आवाज पत्र्यावर नखं वाजवल्यासारखा. उपाय एकच, सर्वांत वरचा चामड्याचा थर काढून मऊ हरणाचं चामडं लावायचं, तेही फक्त दोन्ही कडांना सरस लावून. मध्यभागी सरस गेला की तो भाग दगड होतो.

शाईदौत

खालच्या सुरांना पितळी तारा, वरच्यांना लोखंडी, हेही जोडून घ्या. वरची लोखंडी तार जेमतेम ०.४ मिलिमीटरच्या आसपास. आजच्या पियानोतली सर्वांत बारीक पोलादी तार साधारण ०.७७५ मिलिमीटर. कोणी शहाणा जुन्या पेटीत आजची तार ओढतो तेव्हा जाडी जवळपास दुप्पट होते आणि तेवढ्याच लांबीत तोच सूर काढायला ताण चौपट लागतो. पेटी पिळवटते ती यामुळे.

देवदार

ही पिळवट ओळखायची सोपी खूण: पेटी सपाट फरशीवर ठेवली तर चारही कोपरे टेकत नाहीत आणि झाकण एका कोपऱ्यात वर राहतं. एकदा पिळली की परत सरळ होत नाही, सांधे उकलून नवा तळ घालावा लागतो.

सुराच्या उंचीबद्दलही. १८ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये ए हा सूर ४२० च्या आसपास, कधी ४२५-४३०. आज ४४०. म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळपास फरक. या पेट्या ४४० ला कधीच चढवू नयेत. पितळी तारा मुळातच तुटायच्या बेताच्या ताणावर बसवलेल्या असतात.

अवखळ

मला एक कळलं नाही. सिडनीत १८००-१८१० च्या सुमारास ट्यूनर होते का? की घरचीच माणसं लावायची?

मंद्रसप्तक

बहुतेक घरचीच. १८२० नंतर व्यावसायिक दिसू लागतात. जॉन फिलिप डीन १८२२ मध्ये होबार्टला आला. शिकवणं, वाद्यं विकणं, चर्चचा ऑर्गन, सगळंच तो करायचा. रेजिमेंटचे बँडमास्तरही शिकवण्या घ्यायचे. पण शहरापासून शंभर मैलांवरच्या मेंढपाळीच्या मोठ्या घरात माणूस वर्षातून एकदा आला तरी नशीब. म्हणून लंडनहून पियानो मागवला की सोबत ट्यूनिंगची हातोडी (म्हणजे खुंट्या पिळायची किल्ली), काटा (ठरावीक सूर देणारा ट्यूनिंग फोर्क) आणि तारांची वेटोळी हे तिन्ही मागवून ठेवणं शहाणपणाचं होतं.

घरच्या घरी लावायची पद्धत अशी. क्रम चुकला तर दिवस वाया जातो.

आधी पेटी उघडून खोलीच्या हवेत तासभर राहू द्या. काटा मारून त्यावर वरचा सी लावा. तिथून सप्तकाने खाली मधला सी. प्रत्येक पट्टीला दोन तारा आहेत, तेव्हा एका तारेत चामड्याची पाचर सरकवून ती मुकी करा आणि फक्त दुसरी लावा. मग सी-जी, जी-डी, डी-ए असे षड्ज-पंचम भावाने पुढे जा. पंचम वर निघाला की सप्तकाने खाली आणा, म्हणजे सगळे बारा सूर मधल्या एका सप्तकातच बसतात. हे सप्तक पक्कं झालं की तिथून सप्तकं जुळवत खाली आणि वर. शेवटी पाचरी काढून जोडीच्या तारा एकमेकींशी मिळवा.

गोची पंचमात आहे. बाराच्या बारा पंचम शुद्ध लावले तर शेवटचा सी पहिल्या सीपेक्षा थोडा चढा निघतो. म्हणून प्रत्येक पंचम किंचित उतरवावा लागतो. समान विभागणीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केले तर, मधल्या सप्तकातला एफ-सी हा पंचम दोन सेकंदांत साधारण एकदा थरथरतो आणि एफ-ए हा गंधार सेकंदाला सुमारे सात वेळा. घरच्या माणसाला इतकं मोजता येत नसे. ते पंचम कानाला 'जरा बसका' ठेवत आणि गंधार जास्तीत जास्त गोड राखत. त्यामुळे सी, जी, डी, एफ, बी-फ्लॅटमधल्या चिजा छान वाजत आणि चार-पाच शार्पच्या वाटेला कोणी जात नसे. घरगुती वह्यांमधल्या चिजा कोणत्या स्केलमध्ये आहेत ते पाहिलं की हे लगेच पटतं. लंडनच्या ब्रॉडवूडसारख्या बड्या पियानो-कंपनीनेही समान विभागणी अधिकृतपणे घेतली ती १८४६ मध्ये, तिथल्याच हिपकिन्सच्या आग्रहाने.

अवखळ

म्हणजे हार्मोनियमच्या टेम्पर्ड सप्तकावर आपल्याकडे जो वाद झाला, तो त्यांच्या दिवाणखान्यातही होता तर!

मंद्रसप्तक

होता, फक्त श्रुतींच्या नावाने नव्हे.

देवदार

लावताना हमखास होणाऱ्या चुका जोडतो.

जुन्या खुंट्यांचं डोकं चपटं, आयताकृती. आजची ताऱ्याच्या आकाराची किंवा चौरस तोंडाची किल्ली घातली की डोक्याच्या कडा गोल होतात आणि मग खुंटी कशानेच फिरत नाही. दुसरं, या खुंट्यांना आजच्यासारखं भोक नाही. तार नुसती घट्ट वेटाळून घर्षणावर धरलेली असते. वेढे एकमेकांवर चढले किंवा तीनच घेतले तर तार सरकत राहते आणि माणसाला वाटतं खुंटी ढिली आहे. मग तो खुंटी ठोकतो, खुंट्यांची फळी फुटते, संपलं.

खुंटी खरंच ढिली असेल तर तिच्याभोवती बारीक पॉलिशपेपर किंवा पातळ चामड्याची गुंडाळी घालून परत बसवतात. खडू चोळणं तात्पुरतं चालतं. तेल कधीही नको.

आणि सूर फार उतरला असेल तर एका फेरीत चढवू नका. पहिल्या फेरीत सगळ्या तारा थोड्या चढवून सोडा, दोन-तीन दिवसांनी दुसरी फेरी. एका टोकाच्या तारा ओढल्या की तबली (तारांखालची, आवाज वाढवणारी पातळ फळी) दबते आणि आधी लावलेल्या तारा खाली येतात, म्हणून एका फेरीत लावलेला पियानो संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

साष्टीकर

हवामानाचं कोणी लिहिलं नाही अजून. सिडनीचा उन्हाळा दमट, पण डोंगरापलीकडे आत गेलं की कोरडा आणि वाऱ्याचा. तबली देवदारासारख्या मऊ लाकडाची, जेमतेम काही मिलिमीटर जाड. दमटपणात ती फुगून कमान वाढवते, घोडी वर उचलली जाते, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. कोरड्या हवेत उलटं. आणि एकदा फार आटली की तबली उभी तडकते. तडा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, तबलीखालच्या आधारपट्ट्या सुटल्या नसतील तर आवाज बिघडत नाही. आधारपट्टी सुटली की मात्र एखादा विशिष्ट सूर वाजवला की खर्र असा आवाज येतो. त्याला तड्यात सरस भरून काही होत नाही, आधारपट्टी चिकटवावी लागते.

सरसाचं दुखणं वेगळं. प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा सरस ओल धरली की मऊ पडतो आणि बुरशीला खाद्य होतो. आधी वरचा शोभेचा पातळ पापुद्रा उचलतो, मग सांधे. गरम देशांसाठी पुढे ज्या पेट्या बनल्या त्यांत म्हणूनच पापुद्र्याऐवजी भरीव लाकूड, सरसाच्या जोडीला पितळी स्क्रू आणि पितळी पट्ट्या दिसतात. आपल्याकडच्या सागवानी पियानोंवर बाहेरूनच स्क्रूची डोकी दिसतात ती हीच.

पावसाळ्यात पट्ट्या अडकल्या की लोक रंधा घेऊन धावतात. हे करू नये! फुगलेलं लाकूड तासलं तर कोरड्या दिवसांत तीच पट्टी खडखडते. पट्टीच्या मागच्या टोकाला एक जीभ असते, ती मागच्या खाचेत वर-खाली सरकते. ती खाच स्वच्छ करायची आणि जिभेवर थोडी ग्रॅफाइटची पूड. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

वाळवी, कसर आणि उंदीर हे तिघे वेगळेच. कसर कापडात आणि नमद्यात होते, म्हणून झाकण महिनोन्‌महिने बंद ठेवलेला पियानो रोज वाजणाऱ्यापेक्षा लवकर खलास होतो.

शाईदौत

जहाजावरच्या बांधणीचंही लिहायला हवं. १९ व्या शतकात वाद्यं आतून जस्ताचा पत्रा लावून झाळलेल्या खोक्यांत येत. खारी हवा आत जाऊ नये हा हेतू. पहिल्या ताफ्याला आठ महिने लागले होते, १८३० च्या दशकात साधारण चार. उतरल्यावर घाईने खोकं फोडून तारा चढवणं ही नेहमीची चूक. बंदरातून पुढे बैलगाडीने नेताना पेटीचं स्टँड वेगळं काढून पेटी आडवीच ठेवायची. उभी केली तर हातोड्या आपल्या चामड्याच्या बिजागऱ्यांवर लोंबतात आणि ती चामडी आधीच वाळलेली असेल तर एकेक करून सुटतात.

आता माझा आवडता भाग, कागद.

छापील स्वरलिपी शिसं-कथलाच्या मऊ पत्र्यावर कोरून, एकेक पान असं छापत. लंडनहून आलेलं दोन-चार पानांचं गाणं वसाहतीत स्वस्त नव्हतं, म्हणून उसनं आणून उतरवून घ्यायची पद्धत. पाच टोकांची एक टाक असे, शाईत बुडवून ओढली की पाचही रेघा एकदम. पुढे काही वर्षांनी सुटे कागद एकत्र चामडी पुठ्ठ्यात बांधून वरती मालकिणीचं नाव सोनेरी अक्षरांत. मेलबर्नच्या परिसरात १८४१ मध्ये आलेली चित्रकार जॉर्जिआना मॅक्रे हिच्या अशा हस्तलिखित वह्या टिकल्या आहेत. ती ड्यूक ऑफ गॉर्डनची अनौरस मुलगी. वह्यांचा बराच भाग तिने स्कॉटलंडमध्ये असतानाच उतरवलेला, म्हणजे वसाहतीत वाजणारं संगीत पेटीत भरून आणलेलं होतं आणि वीस वर्षं जुनं होतं. 'ताजी फॅशन' हा प्रकार एलिझाबेथ मकार्थरच्या काळात तर नव्हताच.

असा कागद हाती आला तर काळ कसा ठरवायचा? उजेडासमोर धरा. १७९४ नंतरच्या इंग्लिश कागदात पाण्याच्या छाप्यात बऱ्याचदा साल असतं, कारण निर्यात होणाऱ्या कागदावरचा कर परत मिळवायला ते लागे. ते साल म्हणजे 'याआधीचा नाही' एवढंच. कागद पाच-सात वर्षं पडून राहिलेला असू शकतो. छापील असेल तर तळाशी मध्यभागी पाटीचा क्रमांक आणि प्रकाशकाचा पत्ता पाहा. दुकान पत्ता बदलत असे, त्यावरून काळाचा पट्टा अरुंद होतो. बांधणीवरून मात्र कधीही साल ठरवू नका, वहीतले कागद तीस वर्षांत पसरलेले असतात.

जपणूक: जुन्या काळी शाई लोहकषाची, ती कागद खाते. नोटांच्या ठळक ठिपक्यांच्या जागी आरपार भोकं दिसतात. प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन म्हणजे खून. आम्लरहित पातळ कागद मध्ये घालून आडवं ठेवायचं, एवढंच.

अवखळ

आणि ते वाजवायचे काय? की सगळं शोभेपुरतंच?

देवदार

शोभेचंच म्हणणं फार सोपं आहे. संध्याकाळी वीस माणसं नाचायची तर बँड कोण आणणार? घरातली एक मुलगी चौकोनी पियानोवर क्वाड्रिल (चार जोड्यांचा नाच) वाजवते. त्यात पाच आकृत्या, पांतालों, एते, पूल, मग त्रेनिस किंवा पास्तुरेल, शेवटी फिनाले. प्रत्येक आकृती आठ-आठ मात्राखंडांच्या तुकड्यांची आणि जोड्यांप्रमाणे तेच तुकडे पुन्हापुन्हा. वाजवणारीला कुठला तुकडा कितव्यांदा चाललाय याचा हिशेब ठेवावा लागतो आणि लय हलून चालत नाही. चुकली तर आठ जणांचा घोळ होतो. हे मजुरीचं काम होतं, वर मान डोलावणाऱ्यांना दिसत नसलं तरी.

मुलींच्या वाट्याला पियानो, हार्प आणि गिटार. पुरुषांच्या वाट्याला बासरी आणि व्हायोलिन. तेव्हाची बरीचशी घरगुती रचना पियानोसाठी आणि सोबत 'असल्यास व्हायोलिन' अशी. कसलेली बाई आणि कच्चा नवरा, दोघांनाही जमावं अशी व्यवस्था.

साष्टीकर

हार्पबद्दल: वाद्यकार एरारच्या १८१० च्या पेटंटच्या हार्पला ४३ तारा, सात पायट्या. ती सी-फ्लॅटमध्ये लावतात, जुनी साधी पायटीवाली ई-फ्लॅटमध्ये. सी च्या तारा लाल, एफ च्या गडद. बहुतेक तारा आतड्याच्या आणि दमट रात्री त्या आपोआप तुटतात. मधल्या सप्तकांच्या फाजील तारांचं पुडकं नसेल तर हार्प फर्निचर म्हणून उभी राहते.

तारखुंटी

देवदार, मजुरीचं म्हणालात म्हणून. घरातलं संगीत कोणाच्या श्रमावर उभं होतं, हे सोडून चालणार नाही. पाणी, लाकूड, मेणबत्त्या, स्वयंपाक, मुलं, सगळं कैदी नोकरांच्या हाती. अमेरिकेत व्हर्जिनियात तर हे उघडच गुलामगिरीवर. रॉबर्ट कार्टर या बड्या मळेवाल्याच्या नोमिनी हॉल या घरी १७७३-७४ मध्ये शिक्षक असलेल्या फिथियनने घरातली वाद्यं नोंदवली आहेत. हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य), पियानो, गिटार, व्हायोलिन, बासऱ्या आणि फ्रँकलिनची काचवाट्यांची आर्मोनिका. त्या आर्मोनिकात ३७ वाट्या एका आडव्या दांड्यावर, पायाने फिरवायच्या आणि ओल्या बोटांनी वाजवायच्या. याच व्हर्जिनियात नाचाचं व्हायोलिन बहुधा गुलाम वादकाच्या हातात असे.

आणि गाणी? १८३४ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन लोत्स्कीने सिडनीत मोनारो भागातल्या आदिवासी स्त्रियांचं एक गाणं पियानोच्या साथीसह छापलं. ते वसाहतीत छापलेल्या सर्वांत जुन्या संगीतापैकी. ज्यांची जमीन घेतली त्यांचंच गाणं चार चौकटीत बसवून दिवाणखान्यात. आयझॅक नेथननेही १८४० च्या दशकात तेच केलं. (हा तोच नेथन, लंडनमध्ये राजकन्येला गाणं शिकवणारा. १८६४ मध्ये सिडनीत घोड्यांच्या ट्रामखाली गेला.)

मंद्रसप्तक

हे आपल्याकडे आधीच झालेलं होतं. १७८० च्या दशकात बनारसमध्ये मार्गारेट फोक वादकांना त्यांची वाद्यं आपल्या हार्पसिकॉर्डशी जुळवायला लावत असे आणि मग ऐकून उतरवून घेत असे. लखनौच्या सोफिया प्लाउडनने कलावंतिणींकडून, त्यात खानुम जान प्रसिद्ध, धून आणि शब्द दोन्ही गोळा केले. तो संग्रह आज केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. १७८९ मध्ये कलकत्त्यात विल्यम हॅमिल्टन बर्डने तीस हिंदुस्थानी धुनांचं पुस्तक हार्पसिकॉर्डसाठी छापलं, त्यात रेख्ते, टप्पे, तराणे.

हे उतरवताना नेमकं काय निसटतं ते सांगते. मींड दोन पट्ट्यांच्या मध्ये असते, ती लिहिताच येत नाही, म्हणून दोन सुटे सूर लिहिले जातात. श्रुती पट्टीवर येऊन बसते. आलापाला मात्राखंड नसतो, तो टाकून दिला जातो आणि बंदिशीतला तालाचा एक आवर्तनभराचा तुकडा सरळ दोन-चारमध्ये मोडला जातो. समेची जागा अशाने पहिल्या ठोक्यावर आपटते, कुठे-कुठे चुकीच्या मात्रेवर. वर डाव्या हाताला तीन सुरांचा ठेका जोडला की भैरवीचा कोमल रिषभ ऐकायलाच येत नाही. ही पुस्तकं वाजवून ऐकताना मूळ चीज ओळखण्याचा हट्ट धरू नये. पण फोकबाईंना आपली हार्पसिकॉर्ड त्या मंडळींत मिसळावी, असं वाटत होतं हेही लक्षात ठेवा. पुढच्या पिढ्यांना ते वाटेनासं झालं.

शाईदौत

थांबा, फोक किंवा प्लाउडन या सेटलर नव्हेत, कंपनीची माणसं. पैसे मिळवून परत जायचं होतं. वस्ती करून राहणाऱ्यांचा पियानो आणि परत जाणाऱ्यांचा पियानो वेगळा. परत जाणारा लिलावात विकून जातो, म्हणून कलकत्त्यात जुन्या वाद्यांचा बाजार मोठा.

मंद्रसप्तक

मान्य. त्यासाठीच मी 'आधीच झालेलं' म्हटलं, 'तेच' नव्हे.

साष्टीकर

गोव्यातली मोठी ख्रिस्ती घरं यात धरू नका म्हणून आधीच सांगतो. साष्टी-बार्देशातले भाटकार (जमीनदार) गोमंतकीयच, सेटलर नव्हेत. त्यांच्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, पियानो आणि व्हायोलिन, सोबत घुमट. १९ व्या शतकात त्यातून मांडो हा गीतप्रकार उभा राहिला, संथ ६/४ लयीत. आर्नाल्दो दि मिनेझिस, जिझेलिन रेबेलो, तोर्काट दि फिगरेदो यांचे मांडो अजून म्हटले जातात. चर्चच्या शाळांमध्ये सोल्फा (पाश्चात्त्य सुरांचं सारेगम) शिकलेली पोरं असल्यामुळे तिथे कागद वाचणाऱ्यांची कमी नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या आतल्या मुलखात नेमकी त्याचीच टंचाई.

तारखुंटी

मराठी दुवा हवाच असेल तर तंजावरचे भोसले. सरफोजी दुसरे (१७७७-१८३२) यांनी दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड ठेवला आणि सरस्वती महाल ग्रंथालयात पाश्चात्त्य स्वरलिपीतले कागद आहेत. आणि गंमत पाहा, एलिझाबेथ मकार्थर सिडनीजवळ जी धून बोटांवर बसवत होती, त्याच 'गॉड सेव्ह द किंग'वर कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांनी 'सन्ततं पाहि माम्' ही संस्कृत रचना बसवली. इंग्रजी बँडच्या धुनांवरची त्यांची अशी 'नोट्टुस्वर' चाळीसच्या आसपास. एकाच धुनेची दोन घरं.

अवखळ

ऑस्ट्रेलियात सात लाख पियानो होते असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

देवदार

तो आकडा ऑस्कर कोमेतां या फ्रेंच पाहुण्याचा. १८८८ च्या मेलबर्न प्रदर्शनासाठी आला होता. वसाहतींची लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या घरात. म्हणजे तान्ह्या बाळांसकट दर चार-पाच माणसांमागे एक पियानो! हा आकडा कोणीही गंभीरपणे घेऊ नये. तो पुन्हापुन्हा छापला जातो कारण ऐकायला छान आहे. पियानो भरपूर होते हे मात्र खरं. तोवर ते उभे, लोखंडी चौकटीचे, जर्मन आणि स्वस्त. १८९३ मध्ये ऑक्टेव्हियस बीलने सिडनीच्या अ‍ॅनंडेलमध्ये कारखाना काढला आणि त्याच्या कारखान्याने खुंट्यांची लाकडी फळीच काढून टाकली. लोखंडातच स्क्रूसारख्या खुंट्या. हवामानामुळे ढिल्या होणाऱ्या फळीवर एवढा थेट इलाज दुसऱ्याने क्वचितच केला.

अवखळ

शेवटचा प्रश्न. जुन्या फर्निचरच्या बाजारात 'ब्रॉडवूड' लिहिलेली पेटी दिसली तर आधी काय पाहायचं?

शाईदौत

आधी नावपट्टी. नुसतं जॉन ब्रॉडवूड असेल तर १७९५ च्या आधीची, 'अँड सन' असेल तर १७९५ ते १८०८, 'अँड सन्स' असेल तर त्यानंतरची. मग पट्ट्या मोजा. ६१ म्हणजे पाच सप्तकं, ६८ म्हणजे साडेपाच, ७३ म्हणजे सहा. नाव आणि पट्ट्यांची संख्या जुळत नसेल तर नावपट्टी दुसरीकडून आणून लावलेली असू शकते. आत अनुक्रमांक शोधा. कंपनीची जुनी दप्तरं सरेच्या अभिलेखागारात आहेत, क्रमांकावरून विक्रीची नोंद बऱ्याचदा निघते. मग झाकण काढून आत बघा. १९ व्या शतकाच्या अखेरीस असंख्य पेट्यांची आतडी काढून त्यांची लिहायची टेबलं केली गेली. बाहेरून पियानो, आत खण. खुंट्यांची ओळ जागेवर असेल तरच पुढे बोला.

देवदार

आणि पट्ट्यांवर हस्तिदंत असेल तर खरेदीच्या भानगडीत पडू नका, भारतात त्याची खरेदी-विक्री बंद आहे. घरात वारशाने आलेली पेटी असेल तर तारा आधी निम्म्या उतरवून ठेवा, पूर्ण नव्हे. एकदम सैल केल्या तर तबलीची कमान बसते आणि पितळी तारा परत चढवताना खुंटीपाशीच तुटतात. मऊ ब्रशने धूळ काढा, ओलं फडकं नको, पॉलिश नको, आणि बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवा.